दस्त्याचं माप

बेळगाव, खंडेनवमी, १९३४

विनोदिनीताई,

तू गेलीस आणि ह्यांनी माझ्याशी दुसरं लग्न केलं, तेव्हा तुझी मूर्ती कोरलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात आला. सवतीचा मान म्हणून रोज त्याला कुंकू लावलं, पण कधी जळले नाही. वाटायचं, तू एवढीशी, दोऱ्यात मावणारी.

ह्यांच्या शिकारीच्या रायफलीला मात्र मी हात लावायचा नाही. दर रविवारी स्वतः तेल देतात. विचारलं की म्हणतात, "कुणा गोऱ्या साहेबाची होती." आज ते निपाणीला गेलेत, म्हणून शस्त्रपूजेसाठी मीच ती पुसायला घेतली. बघते तर खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आखूड. एवढ्या आखूड हाताचा साहेब कुठला? पूजेला बेळगुंदीहून नणंद आक्का आल्यात, त्यांना विचारलं.

"व्हय गं, विनूचीच ती," आक्का म्हणाल्या. "बापानं तिच्या हाताच्या मापानं करून घेतलती. लई नेमबाज होती!"

म्हणजे दर दसऱ्याला ह्या रायफलीची झेंडूची माळ मी तुझ्यासाठी ओवत होते!

रागानं रायफल खांद्याला लावली. अगदी नेमकी बसली. बोट आपसूक चापावर गेलं, आणि हे मला बघायला आले होते तो दिवस आठवला. ना गाणं विचारलं, ना स्वयंपाक. "हात जरा पुढं करता?" एवढंच म्हणाले होते. मला वाटलं, बांगड्यांचं माप बघतायत.

तुझा टाक काढून मी नळीला बांधलाय. तिथंच राहा. गळा माझा आहे.

तुझ्या मापाची म्हणून पसंत पडलेली,
सरोजिनी