गमबूट कोरेच्या कोरे

१० नोव्हेंबर, लखनौ. संध्याकाळ.

निखिल माझ्याशी खोटं बोलतोय. पोटचा पोरगा! अंदमानच्या बेटांवर लोकांचं रक्त गोळा करतो हा. उंदीर मुतलेल्या पाण्यातून ताप येतो, तो कोणाला येऊन गेलाय ते रक्तात दिसतं म्हणे. आज कळलं, ह्याच्याही रक्तात निघालंय. वर मलाच शिकवतो, "आई, बुखार आया ही नहीं. कइयों को पता भी नहीं चलता."

असेल. पण मी दिलेले गमबूट कोरेच्या कोरे कसे परत आले? आणि पावसाळ्यात फोन लागत नव्हता, तेव्हा म्हणे नेटवर्क नव्हतं. मी काय दूधखुळी?

जेवताना मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मी सहज विचारलं, "तापात खिचडी कोण करून द्यायचं रे?"

"बगल वाली आंटी," म्हणाला. मग घास हातातच राहिला.

लबाड! परक्या बाईने उशाशी बसायचं आणि आईला पत्ता नाही.

परवा पुन्हा निघालाय. त्या बाईसाठी मेतकूट बांधलंय. गमबूट मात्र बॅगेत ठेवायचे नाहीत. पायात घालूनच जाईल, विमानात लोक हसले तरी.