‘आम्ही’ म्हणताना

प्रिय नोएमी,

मावशीच्या पोरीने तुला फोन केला हे मला कळलं. कामगार दिनाच्या सभेत मास्तर बोलता बोलता थांबले, तोंड उघडं आणि शब्द नाही, शेवटी लोकांनी हात धरून खाली उतरवलं, असं तिने सांगितलं असेल. त्यात खोटं काही नाही. तिकडे स्पेनमध्ये, वालेन्सियातल्या त्या म्हाताऱ्याला सांभाळायचं काम सोडून तू मला सांभाळायला घरी येते आहेस, हेही तिच्याकडूनच समजलं. तिकीट काढण्याआधी हे पूर्ण वाच. फोनवर सांगितलं असतं, पण फोन कानाला लागला की मी भाषण करायला लागतो.

आपली बेलार्मिनाताई आहे तशीच आहे. पन्नाशी अजून गाठायची आहे आणि केस पांढरे झालेत. माझ्या आवाजाकडे मान वळवते, माझ्याकडे नाही. गुळाचं पाणी चमच्याने भरवतो तर तोंडात धरून बसते, गिळायचं विसरते. मग मी तिचा गळा बोटांनी चोळतो. घोट उतरला की पुढचा चमचा. पूर्वी हे करताना मला रडू यायचं. आता येत नाही. चमचा धुतो आणि शाळेत जातो.

संशोधनवाली माणसं दरवर्षी शहरातून येतात, तुला आठवतंच. रक्त काढायचं, चित्रं दाखवून नावं विचारायची, एका रेषेत चालायला लावायचं. पाळण्यातल्या पोरापासून बाबांसारख्या अंथरुणाला खिळलेल्यापर्यंत सगळ्यांचं. बोबेरा, ऐन चाळिशीत माणसाला खुळं करणारं आपल्या घराण्यांतलं हे विसरणं, कोणाच्या रक्तात आहे हे त्यांना कळायचं आणि आपल्याला कधीच सांगायचे नाहीत, तसा नियमच होता. त्या नियमावर मी किती वर्षं तुटून पडलो! रक्त आमचं, आयुष्य आमचं, मग उत्तर तुमच्या कपाटात का? औषध निघेल तेव्हा निघेल, पण पोरं जन्माला घालायची की नाही हे आम्ही आज कशावरून ठरवायचं? जे लोक खुळ्यांचं गाव म्हणून आपल्याला हसतात, त्यांच्या नातवंडांची औषधं आपल्या रक्तातून निघणार आहेत, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. आजही तेच म्हणेन. या वर्षी त्यांनी मान्य केलं: ज्याला हवं त्याला सांगू, ज्याला नको त्याला कधीच नाही. आता आरडाओरडा मी केलेला. पहिला मी गेलो नसतो तर कोण गेलं असतं?

शहरातल्या त्यांच्या दवाखान्यातली मानसतज्ज्ञ किनाऱ्याकडची, तरुण मुलगी. प्रत्येक भेटीत विचारायची, नक्की ऐकायचंय ना, मागे फिरलात तरी चालेल. शेवटच्या भेटीत तिने खुर्ची माझ्या बाजूला ओढली आणि म्हणाली, “मास्तर, तुमच्यात ते नाही.”

मला कळलंच नाही. म्हणजे काय, विचारलं.

“म्हातारपणाचं विसरणं येईल तेव्हा येईल, सगळ्यांसारखं. घरातलं ते तुमच्यात नाही.”

मी तिचे आभार मानले. स्टँडवर आलो, मक्याचा गरम आरेपा घेतला, अर्धा खाल्ला. समोरून आपली बस गेली आणि मी बसून राहिलो. आनंद झाला का, असं तू विचारशील. दात काढल्यावर गाल कसा लागतो, आपला असून आपला नाही, तसं सगळं अंग लागत होतं. अजून तसंच आहे.

मग सभा आली. सुरुवात नेहमीचीच होती: “ज्यांच्या डोक्यात हे जन्मापासून लिहून ठेवलंय ते आम्ही.” बाबांच्या वेळेपासून ते वाक्य माझं होतं. ‘ते’पर्यंत आलो. पुढचा शब्द मला आठवत होता, नोएमी. तो उच्चारता येईना. समोर ताईच्या वयाच्या बायका बसल्या होत्या, आपली नातवंडं मांडीवर घेऊन. मी त्यांच्यातला उरलो नव्हतो.

गावाने आपला अर्थ काढला. आपल्याकडे बोलता माणूस अडला की दुसरा अर्थ निघतच नाही. हॉटेलवाला एलिओदोरो मला बघितलं की ओरडायचा, आला रेडिओ, कान झाका रे. आता ओरडत नाही. आरेपाचे तुकडे करून समोर ठेवतो आणि म्हणतो, सावकाश मास्तर, आपल्याला घाई कुठाय. परवा न राहवून मी त्याला सांगून टाकलं की तपासणी झाली, मला बोबेरा नाही. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. “हो, हो. माझा बापही असंच म्हणायचा.” मी तुकडे खाल्ले. काय करणार?

तर माझ्यासाठी येऊ नकोस. तू जाण्याआधी दिलेलं रक्त त्यांच्याकडे आहे. त्याचं उत्तर ते मला सांगणार नाहीत, आणि मी विचारलेलंही नाही. ते तुझं आहे. विचारावंसं वाटलं तर विचार, नाही वाटलं तर जन्मभर विचारू नकोस. न ऐकण्याच्या हक्कासाठीही मीच भांडलो होतो. मात्र बाबांना आईने सांभाळलं, ताईला मी सांभाळतो, आणि तुझ्यावर वेळ आली तर आपलं कोण उरेल, या विचाराने तू तिकडे परक्याच्या घरात जागी राहतेस, हे तू न सांगताही मला ठाऊक आहे. मी उरेन. शुद्धीत उरेन. आधी हे मला म्हणता येत नव्हतं, आता येतं. ये, पण तुला यावंसं वाटेल तेव्हा, तुझ्या स्वतःसाठी. मी कोण हे तेव्हा तुला सांगावं लागलं, तर सांगेन.

तुझाच, आणि इथेच,
आर्सेसिओ