जांभळाचं दुसरं पाणी

आई, तू ज्याला दुसरं पाणी म्हणायचीस, त्यावर हल्ली माझं पोट चालतं. जांभळाचा रस काढून झाला की सरबतवाले उरलेला चोथा आमच्या प्रभादेवीच्या प्रयोगशाळेत पाठवतात. सालीत अडकलेला रंग मी आंबट पाण्यात उतरवते, गाळते, आटवते. मग तो आइस्क्रीमवाले घेऊन जातात. परवा एका नव्या मुलीने विचारलं, पाणी आंबट कशाला? रंग टिकतो म्हणून, असं मी सांगितलं. कुणाकडून शिकले ते मात्र सांगितलं नाही. तुला श्रेय द्यायचं माझ्या जिवावर येतं.

अजून डोळ्यांसमोर दिसतं: चिंचपोकळीच्या आपल्या खोलीत तू मोरीजवळ पाटावर बसून जांभळं कुस्करते आहेस. फडक्यातून पिळलेला रस दादाचा. मग त्याच चोथ्यावर आमसुलाचं पाणी ओतून ठेवायचं, ते माझं. एकदा मी दादाच्या पेल्यातला घोटभर रस चोरून प्यायले आणि सापडले. मारलं नाहीस. आता हा उष्टा झाला, म्हणून उरलेला रस माझ्यादेखत मोरीत ओतलास. मला दिला नाहीस. "झिलाक पयलो रस, चेडवाक दुसरा पाणी," एवढंच म्हणालीस आणि पेला विसळायला घेतलास. मी आठ वर्षांची होते गं.

तुझ्या शेवटच्या आजारपणात दादाला यायला जमलं नाही. तुझं सगळं मी केलं, पण मायेने केलं असं कुणी समजू नये. एके दुपारी तू जांभळाचा रस मागितलास. मी दादरहून जांभळं आणली, पिळली, चोथा आमसुलाच्या पाण्यात भिजवला आणि तेच पाणी पेल्यात भरून तुझ्या हातात दिलं. ठरवून दिलं. एक घोट घेऊन तू माझ्याकडे बघत राहिलीस.

"ह्या दुसरा पाणी मां गो?"

"नाय. पयलोच रस," मी म्हणाले.

तू आणखी दोन घोट घेतलेस आणि अर्धा पेला माझ्याकडे सरकवलास. "मगे तू घे. तुका कदी गावलो नाय."

उष्टा झाला, असं म्हणून मी तो तुझ्यादेखत मोरीत ओतला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. पहिला रस फ्रीजमध्ये होता. तुझा डोळा लागल्यावर मी तो भांड्यालाच तोंड लावून संपवला. मला आवडला.