काडीवर चालणारी मोटर

९ फेब्रुवारी २००५, राजुरी
चेअरमन पाणीसंस्थेची मोटर घेऊन आले. ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्यांवर आडवी घातलेली. बंधाऱ्यावरचीच, पन्नास एचपी. दिवाळीआधी हे गेले ते हिच्यापाशीच. उतरवणाऱ्या चौघांपैकी एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. म्हटलं, सावलीत ठेवा. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं बहुतेक.
चहा केला सगळ्यांना. साखर संपली.

१० फेब्रु.
खोलली. तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच काळ्या. एक फेज उडाली असती तर काही जळाल्या असत्या, काही तांब्यासारख्या राहिल्या असत्या. म्हणजे लो व्होल्टेजवरच रेटली. व्होल्टेज उतरलं तरी पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग मोटर करंट जास्त ओढते आणि आतून भाजते. गिऱ्हाइकांना हे सांगण्यात यांचा जन्म गेला.
रिले असतो की त्यासाठी. व्होल्टेज पडलं की रिले स्टार्टर सोडतो, मोटर बंद. पण पाणी थांबलं की लोकांचा जीव जातो. मग रिले बाजूला काढायचा आणि स्टार्टर सुटू नये म्हणून आत लाकडाची काडी खुपसायची. सगळ्या पंचक्रोशीत हेच. काडी असली की लाइट गेली तरी स्टार्टर चिकटलेलाच राहतो आणि लाइट आली की मोटर आपली आपण चालू.
त्या दिवशी यांनी लाइट नाही बघून दुरुस्तीला वायरींना हात घातला. लाइट आली. मेन स्विच खाली ओढला नव्हता. यांच्यासारख्या माणसानं! पण लोक डोक्यावर उभे होते म्हणे, लवकर करा, लवकर करा.
काडी कोणी लावली होती हे गावात कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

१२ फेब्रु.
सकाळी चेअरमन परत. "वैनी, कवा देताय? कांदा माना टाकाय लागलाय."
म्हटलं, कॉइली नव्यानं भरून देते. पण नवा रिले बसवायचा आणि काडी कायमची बंद. कबूल नसेल तर मोटर जुन्नरला न्या.
"तुमी म्हनाल तसं." खाली बघूनच बोलले. त्या वेळी मी बंधारा फोडा म्हटलं असतं तरी हो म्हणाले असते.
मला संस्थेचं काही पडलेलं नाही. पंपहाऊसवर आता यांच्या जागी सुरेशभाऊजी आहेत. धाकटे दीर, एकुलते राहिलेले. आत्याबाईंना आता एवढा एकच मुलगा. मला दुसरं मरण त्या खोलीत नको आहे. बस.

१४ फेब्रु.
जुन्नरला गेले, तार आणि रिले आणायला. एसटी रिकामी होती. पेठेतल्या नेहमीच्या दुकानदारानं विचारलं, "दादा न्हाई आले का आज?" त्याला माहीत नाही. मी म्हटलं, नाही आले. त्यानं तार तोलून दिली, वर दादांना नमस्कार सांगा म्हणाला. सांगते म्हटलं.
परत येताना खिडकीतून बघत होते. डोकं अगदी रिकामं.

१७ फेब्रु.
दोन दिवस कॉइली भरतेय. हात आपले चालतात, मी नसले तरी चालतील. आधीही भरायचे मीच, दुकानाच्या पाटीवर नाव यांचं. लोक म्हणतात बाई सावरली. सावरायला आधी कोसळावं लागतं. मला अजून रडूसुद्धा आलेलं नाही, आत्याबाईंना त्याचा राग आहे.
व्हार्निश केलं. उन्हात ठेवली.

२० फेब्रु.
मोटर बसवली. तेव्हापासून पहिल्यांदाच पंपहाऊसमध्ये पाऊल टाकलं. भिंतीला नव्यानं चुना मारलाय. मी रिले लावला, मीटर तपासला, सुरेशभाऊजींना दाखवलं: काटा इथपर्यंत आला की आपोआप बंद पडणार, घाबरायचं नाही, काटा वर आला की परत चालू करायची.
"आन् काटा वर आलाच न्हाई तर?"
"तर नाही चालवायची."
हसले. यांच्यासारखंच हसतात.

२३ फेब्रु.
रोज बोंब. लाइट येते आणि मोटर मिनिटभरात पडते. लोक रिलेला शिव्या घालतात, रिलेला कान नाहीत म्हणून सुरेशभाऊजींना घालतात.
कारण माझ्या लक्षात आलंय. लाइनीवरच्या प्रत्येक विहिरीच्या मोटरीला ऑटो स्विच आहे. लाइट आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात. पंगतीत सगळ्यांनी एकदमच भाताला हात घातल्यावर वाढपी काय करणार. काटा जो बसतो तो उठतच नाही.

२५ फेब्रु.
वरच्या हौदापाशी बैठक. बायांमधून मी एकटीच. सांगितलं, सगळ्यांनी ऑटो काढा. लाइट आली की आधी संस्थेची मोटर. हौदात पाणी पडताना दिसलं की वरच्या मळ्यानं आपल्या चालू करायच्या, मग खालच्यांनी. पाळीनं.
आधी भिवाजी बोलले. त्यांचा वाडवडिलांचा धंदा मेंढरांचा, आता निम्मी शेती. "आमची मेंढरं बी अरुंद वगळीतून एकामागं एक जात्यात. एकदम घुसली तर चेंगरून मरत्यात. तुमाला मेंढराएवढी बी अक्कल न्हाई व्हय रं?"
हसले सगळे. चेअरमन म्हणाले, करून बघू.

४ मार्च
चाललंय. लाइट आली, संस्थेची मोटर उठली, हौदात धार पडली. मग वरून एकेक मोटरीचा आवाज. काटा थोडा लवायचा, परत सावरायचा, भाऊजींनी नंतर सांगितलं. मी हौदावर उभी होते. बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण बऱ्याच दिवसांत लिहिण्यासारखं एवढंच वाटलंय.

१५ मार्च
ऊन वाढलं. व्होल्टेज मुळातच कमी येतंय, पाळी धरूनही पुरत नाही. आणि पाळीही मोडली. पहिला ऑटो परत कोणी लावला याची चावडीवर चौकशी चालू होती. आमच्याच विहिरीवर निघाला. आत्याबाईंनी भाऊजींना लावायला सांगितला, आपला कांदा वाळतोय म्हणून. गावाला शिकवायला निघाले होते मी! तोंडात मारल्यासारखं झालं.
आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "लेकानं गेल्या साली हातानं लावलेलं वावर व्हतं ते. औंदा बी पिकाय नगं?"


२२ मार्च
डबा द्यायला पंपहाऊसवर गेले. मोटर चालू. मीटर बघितला तर काटा पार खाली. एवढ्यावर रिलेनं सोडायलाच हवी होती. भाऊजी बाहेर लिंबाखाली.
मेन ओढला. स्टार्टर उघडला. आत बांबूची पट्टी. कॉइल बाहेर येऊ नये म्हणून मी मोटरीच्या खाचेत बसवते, तसली. माझ्याच दुकानातली, माझ्याच हातानं तासलेली.
पट्टी उपसली आणि तशीच घरी आले. डबा तिथंच राहिला.

२३ मार्च
संध्याकाळी भाऊजी आले. उंबऱ्यावर बसले, आत येईनात. मी बोलले, खूप बोलले. एवढं मी कधी कोणाला बोलले नसेन. असल्याच काडीनं मेले तुमचे दादा, आणि तुम्ही माझ्याच दुकानातून...
ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वैनी, तवाची काडी दादानंच लावली व्हती."
काय?
"दादाच लावायचा. समद्यांना ठावं हाये. लोकं वरडायची, त्येला बघवायचं न्हाई. तुमास्नी सांगू नगा म्हनून चेअरमननं समद्यांना दम दिला व्हता."
म्हणजे गाव कोणा दोषीला पाठीशी घालत नव्हतं. मला जपत होतं.
आज रडले. आत्याबाई जवळ येऊन बसल्या.

२५ मार्च
दुकान बंद ठेवलं. रागही यांचाच येतोय आता, आणि तो कोणापाशी काढू? जन्मभर लोकांना काडी लावू नका सांगितलं आणि स्वतः लावली. कोणाचा तरी कांदा वाचावा म्हणून. भिडस्त माणूस. मला हे माहीत असायला हवं होतं, मीच संसार केला त्यांच्याशी.
आधी काही वाटत नव्हतं तेच बरं होतं.

३० मार्च
संस्थेची बैठक झाली, मला बोलावलं नव्हतं. चेअरमन मात्र स्वतः घरी सांगायला आले. कांदा निघेपर्यंत रिले काढायचा, काडी लावायची. "जळली तर परत तुमच्याकडंच आनू वैनी, तुमच्याबिगर कोन भरनार?" वाईट माणूस नाही. मी म्हटलं, मोटर भरता येते. ते चपला घालून निघाले.
भाऊजी नाही म्हणणार नाहीत. तेही भिडस्तच.
जेवायला वाढताना म्हटलं, "काडी लावा, मी आता अडवत नाही. पण लाइट असो नसो, मेन ओढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. म्हणा माझ्यासमोर."
"न्हाई घालनार."
"कोणी कितीही ओरडलं तरी."
"न्हाई वैनी. सांगितलं ना. कालवण वाढा."
भाकरी मोडता मोडता म्हणाले, वर न बघता. यांना मी हेच सांगायचे, आणि हेही असंच म्हणायचे.
उद्या लाइट दुपारची आहे. डबा घेऊन जाईन आणि लाइट जाईपर्यंत मेनपाशी बसून राहीन. आत्याबाई म्हणाल्या, जा. दुकानात दोन मोटरी उघड्या पडल्यात.
रोज जमेल का, माहीत नाही.