तुमना जोडे कोन शे?

२ मार्च १९८८, देवपूर, धुळे

पोचलो एकदाचा! चिपळूणहून निघालेला माणूस भाजून निघाला, पण खोली झकास मिळाली. पांझरेच्या पुलापासून पाच मिनिटं. घरमालकीण वच्छलाबाईंनी पहिल्याच दिवशी शेवभाजी वाढली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

माझी बायको विमल जाऊन दोन वर्षं झाली. तिला उजव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून ती कायम माझ्या उजवीकडे बसायची. जेवताना, एसटीत, सिनेमाला. घरात ती रिकामी जागा सारखी दिसायची. इथे कुणाची जागाच ठरलेली नाही, म्हणून तर ही नोकरी धरली.

५ मार्च

औषधशास्त्राच्या कॉलेजात प्राणीघरावर नेमणूक. बारा पांढरे उंदीर. सहांना धोतऱ्याचा अर्क, सहांना साधं पाणी. कोण कसं वागतं ते लिहायचं आणि धोतरा पोटात गेलेल्या माणसांच्या दवाखान्यातल्या नोंदींशी ताडून बघायचं. त्या नोंदी वाचल्या. पिंपळनेरकडचा एक गृहस्थ मेलेल्या भावाला पान लावून देत होता. माणूस निदान बोलून सांगतो. उंदीर बिचारा काय सांगणार?

उंदरांचं खाणंपिणं हिलाल नाना बघतात. पन्नाशीचे, अबोल. बोलतात ते अहिराणी, माझ्या डोक्यावरून जातं. आज त्यांनी एकदा उंदरांकडे, एकदा माझ्याकडे पाहून विचारलं, "साहेब, तुमना जोडे कोन शे?" माझे कोल्हापुरी जोडे नजरेत भरले असणार. मी ऐटीत सांगितलं, दोन वर्षं झाली, चिपळूणपासून सोबत आहेत, झोपताना तेवढे बाजूला होतात. नाना चहा अर्धा टाकून उठून गेले. जोड्यांचं एवढं काय मनावर घ्यायचं!

११ मार्च

धोतऱ्याचे उंदीर अपेक्षेप्रमाणे वागतात. भिरभिरतात, हवेत नाक खुपसतात, मी जवळ गेलो तर माझं बोट हुंगतात. भीती म्हणून नाही. पाण्याचे सहा मात्र बिघडलेत. मी आत आलो की कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. नाना आत आले तर मात्र खुशाल खातात. बाटल्यांची अदलाबदल झाली असावी.

१६ मार्च

बाटल्या स्वतः धुऊन भरल्या. तेच. आज नीट पाहिलं. पाण्याचे उंदीर माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर बघतात. मी पिंजऱ्याभोवती फिरलो तर त्यांच्या माना माझ्यासोबत फिरल्या, पण नजर तिथेच.

१९ मार्च

नाना चार दिवस आलेले नाहीत. चहा एकट्यानंच घेतो.

सकाळी ओट्यावर वच्छलाबाई शेंगा सोलत होत्या. शेजारच्या रईसाला हाक मारून म्हणाल्या, "मना जोडे बठ." मला वाटलं, तिला चपलांवर बसवतात की काय. हसणारच होतो. रईसा त्यांना खेटून बसली.

विचारलं. जोडे म्हणजे जवळ. सोबत.

नाना विचारत होते, तुमच्यासोबत कोण आहे? आणि मी त्यांना काय सांगून बसलो! दोन वर्षं झाली. चिपळूणपासून सोबत. झोपताना तेवढे बाजूला —

२० मार्च

भ्यालो. दुपारभर खोलीत पाय पोटाशी घेऊन बसलो. मग एकदम रडू फुटलं. विमलच असणार. दुसरं कोण येणार माझ्यामागं इतक्या लांब? दोन वर्षांत माझ्या शेजारी कुणी बसलेलं नाही. मला ती हवी आहे, बस.

शुद्धीतल्या उंदरांना दिसतं. धोतरा दिला की दिसत नाही. माणसाचं उलटं असलं तर? शुद्धीतल्या मला दिसत नाही. म्हणजे मी जर —

२२ मार्च, दुपारी बारा

वच्छलाबाई रावेरला लग्नाला गेल्या. दार लावलं. धोतऱ्याच्या अर्काची बाटली आणली आहे. करू नये, कळतं मला. पण एकदा बघायचंय तिला. खाटेवर उजवीकडची चादर नीट केली. डावा हात लिहिताना जड होतो, म्हणून मांडीवर ठेवलाय.

घेतलं.

पाऊण

घसा कोरडा. अक्षरं पसरतात. उजवीकडे पाहतोय. चादर तशीच आहे. सुरकुतीसुद्धा नाही. विमल, ये ना गं —

एक

खाट करकरली. ती आली — मान वळवायला धीर होत नाही —

खाट डावीकडे खचली आहे.

डावीकडे. उंदीर डावीकडेच — मीच लिहिलंय वर — विमल डावीकडे कधीच — मग दोन वर्षं माझ्या जोडे कोन