अभ्यासिकेतली राखलेली जागा

दादर, १९५६

सौ. लीलेस आशीर्वाद, न रागावता घ्यावेत.

मुंबईत ज्ञानाला सुपारी वर्ज्य आहे. ग्रंथालयाच्या दारातच माझा अडकित्ता काढून घेतला, जणू मी ग्रंथच कातरणार होतो!

आमच्या ग्रंथपालनाच्या वर्गाला आज हे नवे ग्रंथालय दाखवले. येथे कपाटांना कुलपे नाहीत, वाचक हवे ते पुस्तक स्वतः काढतो. आपल्या गावच्या वाचनालयाची किल्ली मात्र माझ्या जानव्याला! तुझा खोकला कसा आहे?

अभ्यासिकेत एका खुर्चीवर तू शिवलेली पिशवी दिसली. विचारल्यावर शेजारच्या खुर्चीतला मुलगा म्हणाला, "काका, शशिकांत सकाळीच संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला. जागा राखायला पिशवी ठेवलीय."

मी लेकाच्या खुर्चीत बसूनच लिहितो आहे. दिवे लागले, तो आलेला नाही. काळजी करू नकोस असे लिहिणार होतो, पण मलाच भीती वाटते आहे.

त्र्यंबक