थेटरातला कायदा

आक्का, आज टीव्हीवर कुठल्याशा कला केंद्रावर पडलेल्या धाडीची बातमी चालू होती. बायका पदराआड तोंडं लपवून जीपमध्ये चढत होत्या आणि माझी नात म्हणाली, "असल्या बायकांना लाजच नसते." मी तिला रागावले नाही, उठून चहा ठेवला. तू, माझी आई, लावणीच्या थेटरात नाचायचीस हे माहीत असलेले सगळे आता गेले. पण तेव्हापासून डोकं भणभणतंय, की आपला धंदा खरंच इतका वाईट होता का. हे विचारायला तुझ्याशिवाय मला कोणी नाही.

चांगला होता असं मी म्हणणार नाही. दुष्काळाच्या साली तू माझं लग्न ठरवलंस. आपल्यात मुलगी एक तर नाचते नाही तर लग्न करते, आणि नाचणारीच्या जिवावर भावांची घरं चालतात. मामाने थेटरामागच्या स्वयंपाकघरात तुला चुलीतल्या लाकडाने मारलं. मी पीठ मळत बसलेय, तुझा ओठ फाटलाय, दोन दात ओच्यात पडलेत, आणि तू म्हणतेस, "जीव घे माजा, पन पोरगी नाचनार न्हाई." मामी जळतं लाकूड उचलून पुन्हा चुलीत सारते. त्या दिवसापासून मी मामाच्या मरणाची वाट बघायचे.

पण त्याच थेटरात गिऱ्हाइकाची काय टाप होती तुला हात लावायची? एकदा बाजारच्या दिवशी भरदुपारी, घोडेगावला बैल विकून आलेला एक बागायतदार सतरंजी ओलांडून पुढे आला आणि त्याने तुझं मनगट धरलं. सतरंजीच्या अलीकडे पाय टाकायचा नाही, हा आपला कायदा. तू पानाच्या तबकातला अडकित्ता त्याच्या बोटांवर असा हाणलास की नख उडालं. ढोलकीवाल्याने त्याला पायऱ्यांवरून फरफटत खाली नेलं आणि तू तोच अंतरा पुन्हा धरलास. नंतर मला म्हणालीस, "बाईवर हात टाकला की हात मोडायचा, ईचारत बसायचं न्हाई." मला तुझा लई अभिमान वाटला होता.

तिसगावकडच्या माझ्या सासरी असला कायदा नव्हता. ते अब्रूदार घर होतं. मी पोरकी, मावशीने वाढवलेली, असं आपण त्यांना सांगितलं होतं. लग्नानंतर तू पहिल्यांदा आलीस तीही मावशी म्हणूनच. त्या सकाळी भाकरी करपली म्हणून नवऱ्याने माझं डोकं जात्यावर आपटलं. रोजचंच होतं ते, सासूने मानही वर केली नाही. तू मात्र आपण कुठे आहोत ते विसरलीस. लोखंडी फुंकणी उचलून त्याच्या मनगटावर घातलीस, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, आणि वर म्हणालीस, "आमच्या थेटरात तुज्यासारक्याला पायरी बी चडू देत न्हाईत."

त्या एका वाक्याने सगळं उघडं पडलं. सासऱ्याने आणि दिराने तुला वेणीला धरून अंगणात ओढलं, लाथांनी तुडवलं. सासूने कपडे धुवायचं धोपटणं माझ्या हातात दिलं. "ही तुजी कोन? कुनी न्हाई म्हनत आसशील तर तू बी हान. तुजी आसंल तर जा तिच्यासंगं." मी पोटुशी होते. तुझ्याबरोबर गेले असते तर मामाने पायांत चाळ बांधले असते. मी मारलं. तू माझ्याकडे बघून डोळे मिटलेस.

तुला त्यांनी वेशीबाहेर नेऊन टाकलं. हात बरा झाल्यावर नवरा मला पहिल्यासारखाच मारू लागला. दोन वर्षांनी तू गेल्याचं मला बाजारात एका बांगडीवालीकडून कळलं. थेटराची बदनामी खोटी नाही, आक्का. पण ती एकट्या थेटराचीच का, याचा मला संताप येतो.

हे पत्र नातीला दाखवणार नाही, आणि पाठवायचं तर कुठे? मला भाग पाडलं म्हणून मी मारलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. धोपटणं हळू घालता आलं असतं, सासूला कळलंही नसतं. मी जोरात घातलं. तू थेटराचं ते वाक्य बोललीस म्हणून मला तुझा राग आला होता.